उभ्या गाडीचे भाडे

मोटार हे धावण्यासाठी जन्माला आलेले यंत्र आहे. तिचे इंजिन, तिची चाके, तिचा बांधा या साऱ्यांची योजना वेगासाठी केलेली असते. परंतु एखाद्या कुटुंबाच्या मोटारीचा दिनक्रम घड्याळ लावून पाहिला, तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. सकाळी अर्धा तास आणि सायंकाळी अर्धा तास ती रस्त्यावर धावते. उरलेले तेवीस तास ती कोठे ना कोठे उभी असते. धावणाऱ्या मोटारीला रस्ता लागतो हे सर्वांना ठाऊक आहे; पण उभ्या मोटारीलाही जमीन लागते आणि ती थोडीथोडकी लागत नाही, याचा विचार फारसा कोणी करीत नाही.

एक मोटार उभी करावयाची तर सुमारे पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद जागा हवी. म्हणजे साडेबारा चौरस मीटर जमीन झाली. दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशी चाळीतील खोली घेतली, तर तिचे क्षेत्रफळ याहून थोडे कमीच भरते. अशा खोलीत चार-पाच माणसांचे कुटुंब संसार करते आणि तिचे भाडे महिन्याच्या महिन्याला चुकते करते. तेवढीच जागा भर बाजारात, शहरातील अत्यंत मोलाच्या जमिनीवर, एका रिकाम्या मोटारीला मात्र पुष्कळदा फुकट मिळते. ती फुकट मिळावी काय, मिळू नये तर तिचे भाडे किती असावे, आणि ते कोणत्या हेतूने घ्यावे, हा प्रश्न आज जगातील अनेक नगरपालिकांपुढे उभा आहे. प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु जे सर्वांच्या मालकीचे असते त्याचा न्याय्य उपयोग कसा करावा, हे त्याच्या निमित्ताने उत्तम रीतीने समजते.

कल्पना करा, एका गावाच्या बाजारपेठेतून एक रस्ता जात आहे. त्याच्या दोन्ही कडांना मिळून चाळीस गाड्या उभ्या राहतील एवढी जागा आहे. बाजार सकाळी दहाला उघडतो आणि रात्री आठला बंद होतो. जागा फुकट आहे. आता या जागेवर सर्वांत आधी कोण येईल? गिऱ्हाईक नव्हे, तर दुकानांचे मालक, त्यांचे कारकून आणि वरच्या मजल्यांवरील कचेऱ्यांत काम करणारी मंडळी. ते सकाळीच येतात, गाडी दारात लावतात आणि रात्री दुकान बंद झाल्यावर ती घेऊन जातात. चाळीसांपैकी तीस जागा अशा रीतीने दिवसभर अडून राहिल्या, तर त्या तीस जागांचा लाभ अवघ्या तीस माणसांना होतो. उरलेल्या दहा जागांवर दर तासाला नवी गाडी आली, तर दहा तासांत शंभर माणसांची सोय होते. एकूण एकशे तीस झाली.

त्याच रस्त्यावर प्रत्येक गाडी एकच तास थांबून निघून जाऊ लागली, तर काय घडेल? चाळीस जागा आणि दहा तास, म्हणजे चारशे गाड्या! रस्ता तोच, जागा त्याच. रुंदी एक वीतभरही वाढलेली नाही. तरी एकशे तिसांच्या ठिकाणी चारशे माणसांचे काम होते. यावरून असे दिसते की, जागेची टंचाई केवळ जागा कमी असल्यामुळे होत नाही. ती अडवून ठेवल्यामुळेही होते.

खेड्यातील शेतकऱ्याला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. पाटाच्या पाण्याला पाळी असते. पाळी नसती, तर पाटाच्या तोंडाशी ज्याचे शेत आहे त्याने रात्रंदिवस पाणी घेतले असते आणि शेवटच्या टोकाचे शेत कोरडे राहिले असते. जी वस्तू सर्वांची आहे आणि सर्वांना पुरेशी नाही, तिला काहीतरी पाळी लावावीच लागते. शहरातील रस्त्याची कड ही अशीच एक वस्तू होय.

पाळी नसली म्हणजे केवळ गिऱ्हाइकांचीच गैरसोय होते असे नाही. जागा न मिळालेला वाहनचालक घरी परत जात नाही. तो हळूहळू पुढे सरकत, कोणी गाडी काढतो आहे काय हे पाहत, त्याच रस्त्यांवरून फेऱ्या घालू लागतो. त्याच्या मागे दुसरा, दुसऱ्याच्या मागे तिसरा. त्यांच्यामागे कामासाठी पुढे जाऊ पाहणारी बस अडकते. कोणी कंटाळून उभ्या गाडीच्या शेजारीच दुसरी गाडी उभी करतो, कोणी पदपथावर चढवितो. मग शाळेला निघालेली मुले, डोक्यावर पाटी घेतलेली भाजीवाली आणि काठी टेकीत जाणारे आजोबा यांना भर रस्त्यातून चालावे लागते. अशा वेळी एखादी रुग्णवाहिका आली, तर तिची घंटा ऐकू येऊनही तिला वाट देणे कोणाच्या हाती राहत नाही.

या फेऱ्यांचा हिशेब एका प्राध्यापकाने मांडून दाखविला आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील विद्यापीठात डोनाल्ड शूप नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी आपले आयुष्य उभ्या गाड्यांच्या अभ्यासात घालविले. विद्यापीठाला लागूनच वेस्टवूड व्हिलेज नावाची बाजारपेठ आहे. १९८४ मध्ये तेथील रस्त्यांच्या कडेला ४७० जागा होत्या आणि त्या बहुधा भरलेल्या असत. जागा शोधण्यात किती वेळ आणि किती अंतर खर्ची पडते, हे पाहण्यासाठी सायकलीवरून फेऱ्या घालून मोजमाप करण्यात आले. एका गाडीस जागा मिळण्यास सरासरी ३.३ मिनिटे लागत आणि तेवढ्या वेळात ती सुमारे आठशे मीटर फिरत असे. सव्वातीन मिनिटे कोणाला फारशी वाटणार नाहीत. परंतु वर्षभरातील सर्व गाड्यांच्या या फेऱ्यांची बेरीज केली, तेव्हा ती सुमारे पंधरा लाख किलोमीटर भरली! एवढ्या प्रवासात पृथ्वीला अडतीस प्रदक्षिणा पूर्ण झाल्या असत्या. आणि हा सारा प्रवास कोठेही न पोहोचणारा होता. त्यात जळलेले पेट्रोल आणि हवेत मिसळलेला धूर यांचा मोबदला कोणाच्याही पदरी पडला नाही. 'फुकट' किंवा अतिस्वस्त जागेची किंमत पैशात दिली नाही, तरी ती वेळ, धूर आणि मनस्ताप यांच्या रूपाने सर्वांना द्यावीच लागते, असे शूप यांचे म्हणणे होते. २००५ मध्ये त्यांनी या विषयावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

या व्याधीवर पहिला उपाय शोधला गेला तो वेळेच्या मर्यादेचा. 'येथे एक तासापेक्षा अधिक वेळ गाडी उभी करू नये' अशा पाट्या लागल्या. परंतु गाडी केव्हा आली हे कोणी लक्षात ठेवावे? पोलीस शिपाई हाती खडू घेऊन टायरवर खूण करीत फिरत आणि तासाभराने परत येऊन ती खूण जागच्या जागी आहे काय ते पाहत. शहरात हजारो गाड्या झाल्यावर हा खडू अपुरा पडू लागला.

अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी या शहरात हीच अडचण उत्पन्न झाली होती. कामावर येणाऱ्या लोकांच्या गाड्या दिवसभर बाजारात उभ्या राहत आणि गिऱ्हाइकांना जागा मिळत नसे, अशी व्यापाऱ्यांची तक्रार होती. तेथे कार्ल मगी नावाचे वर्तमानपत्राचे संपादक राहत. व्यापारी मंडळाने हा प्रश्न त्यांच्याकडे सोपविला. नाणे टाकले की किल्ली दिलेल्या घड्याळाप्रमाणे वेळ मोजणारे यंत्र रस्त्याच्या कडेला बसवावे, अशी कल्पना त्यांना सुचली. त्यांनी त्या राज्यातील महाविद्यालयातील अभियंत्यांच्या साहाय्याने तसे यंत्र तयार करविले. १६ जुलै १९३५ रोजी त्या शहरात जगातील पहिले पार्किंग मीटर बसविण्यात आले. त्यात पाच सेंटांचे नाणे टाकले की एक तासभर गाडी उभी करता येई. आपल्याच रस्त्यावर आपलीच गाडी उभी करण्यासाठी पैसे द्यावयाचे, ही गोष्ट प्रथम अनेकांना रुचली नाही. परंतु लवकरच दुकानदारांच्या असे अनुभवास आले की, गाड्या झपाट्याने बदलू लागल्या आहेत आणि गिऱ्हाइकांना दुकानापाशी जागा मिळू लागली आहे. पुढे इतर शहरांनीही हे यंत्र स्वीकारले. लंडनमध्ये ते १० जुलै १९५८ रोजी ग्रोव्हनर चौकाच्या परिसरात आले. तेथे एका तासाला सहा पेन्स पडत. आणि ठरलेली मुदत मोडणाऱ्याला दोन पौंड दंड होई.

यंत्र आले, पण एक उणीव राहिली. बाजाराच्या ऐन मध्यभागी जो दर, तोच चार गल्ल्या पलीकडे. दुपारी ऊन तापलेले असताना जो दर, तोच सायंकाळच्या गर्दीत. परिणामी मध्यभागच्या जागा खच्चून भरत आणि पलीकडच्या गल्लीतील जागा ओस पडत. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच एका लेखात यावर विचार मांडला होता. ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते. जेथे पुष्कळ जागा रिकाम्या आहेत, तेथे भाडे घेण्याचे काहीच कारण नाही. जागा भरत आल्या म्हणजे मात्र भाडे सुरू व्हावे, म्हणजे काही जागा सदैव मोकळ्या राहतील, असा त्यांच्या विचाराचा आशय होता. त्या काळी एवढी मोजणी करणारी यंत्रे सहज उपलब्ध नव्हती, म्हणून ही कल्पना कागदावरच राहिली. अर्थशास्त्रातील कार्याबद्दल विक्री यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि त्यानंतर तीनच दिवसांनी ते निवर्तले. त्यांच्या कल्पनेचा मोठा प्रयोग पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

तो प्रयोग २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहरात सुरू झाला. समुद्रकाठच्या टेकड्यांवर वसलेले हे शहर दाटीवाटीचे आहे. तेथील मीटर असलेल्या जागांपैकी सुमारे एक चतुर्थांश, म्हणजे जवळजवळ ७,००० जागा, या प्रयोगासाठी निवडल्या गेल्या. त्या जागांच्या पृष्ठभागात लहान संवेदक बसविले. वर गाडी उभी आहे की नाही, एवढे ते सांगत. त्यावरून रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यात, दिवसाच्या प्रत्येक प्रहरी, किती जागा भरलेल्या असतात हे नगर प्रशासनाला कळू लागले. मग एक सोपा नियम ठरविण्यात आला. तो नीट समजून घेण्यासाठी दहा जागांचा एक तुकडा डोळ्यांपुढे आणावा.

दहांपैकी नऊ जागा भरलेल्या असतील, तर तासाचा दर २५ सेंटांनी वाढवावा. सात भरलेल्या असतील, तर दर आहे तसाच ठेवावा. चारच भरलेल्या असतील, तर दर २५ सेंटांनी उतरवावा. आणि दोनच भरलेल्या असतील, तर तो ५० सेंटांनी उतरवावा. शेकड्याच्या भाषेत सांगावयाचे तर शेकडा ६० ते ८० जागा भरलेल्या असाव्यात आणि उरलेल्या नव्याने येणाऱ्यासाठी मोकळ्या असाव्यात, हे उद्दिष्ट होते. दर एकाएकी बदलत नसत. काही आठवड्यांची मोजणी झाल्यावरच त्यात थोडा फरक करण्यात येई आणि तो आगाऊ जाहीर होई. सकाळ, दुपार आणि सायंकाळ यांचे दर वेगळे असत. एका चौकाचा दर शेजारच्या चौकाहून निराळा असे.

येथे एक शंका साहजिक आहे. दर वर-खाली करण्याचा अधिकार एकदा हाती आला की ते वरच जाणार, खाली कशाला येतील? प्रत्यक्षात मात्र असे घडले नाही. जेथे गर्दी होती तेथे दर चढले, जेथे ओसाडी होती तेथे ते उतरले. आणि प्रयोगाच्या अखेरीस सर्व मीटरांच्या सरासरी दराची गणना केली, तेव्हा तो २.६९ डॉलरवरून २.५८ डॉलरवर आलेला आढळला, म्हणजे शेकडा चारने कमीच झाला. त्याच काळात प्रयोगाच्या भागात जागा मिळण्यास लागणारा वेळ ११ मिनिटे ३६ सेकंदांवरून ६ मिनिटे ३६ सेकंदांवर आला, असे लोकांना विचारून केलेल्या पाहणीत दिसले. नगर प्रशासनाला ही पद्धत इतकी पसंत पडली की, २०१८ मध्ये ती शहरातील सर्व मीटरांना लागू करण्यात आली.

थोडासा दर वाढल्याने एवढा फरक कसा पडला? याचे मर्म असे आहे की, सर्वांनी आपली सवय बदलण्याची गरज नसते. दहांतील एकाने बदलली तरी पुरते. दर वाढला म्हणजे दिवसभर गाडी ठेवणारा माणूस ती दोन गल्ल्या पलीकडे, स्वस्त जागेत लावतो आणि पाच मिनिटे चालत येतो. कोणी दोन तासांचे काम एका तासात उरकतो. कोणी शेजाऱ्याबरोबर एकाच गाडीतून येतो, कोणी गर्दीची वेळ टाळून दुपारी येतो, कोणी बसने येतो. ज्याला खरोखरीच घाई आहे, ज्याच्यासोबत आजारी माणूस आहे किंवा जड सामान आहे, तो थोडे अधिक पैसे देतो. पण त्याला दारातच जागा मिळते. कोणी काय करावे हे नगरपालिका सांगत नाही. प्रत्येकाने आपली गरज ओळखून आपला मार्ग निवडावा, एवढेच भाडे सुचविते.

म्हणून योग्य भाडे कोणते, याचे उत्तरही सोपे आहे. जेवढे अधिकात अधिक वसूल करता येईल ते योग्य भाडे नव्हे. ज्या कमीत कमी भाड्यात रस्त्यावर नेहमी दोन-चार जागा मोकळ्या राहतील, ते योग्य भाडे होय. पाणपोईवर बसलेला माणूस रांजण तळाशी जाऊ देत नाही. पुढे येणाऱ्या तहानलेल्यासाठी त्यात पाणी राहील अशी काळजी तो घेतो. रस्त्यावरील मोकळ्या जागाही वाया गेलेल्या नसतात. त्या पुढे येणाऱ्यासाठी राखलेल्या असतात.

तथापि या पद्धतीवर दोन गंभीर आक्षेप घेतले जातात आणि त्यांना उत्तर देणे आवश्यक आहे. पहिला आक्षेप न्यायाचा. भाडे लावले म्हणजे श्रीमंताला जागा मिळेल आणि गरीब बाहेर राहील, हा अन्याय नव्हे काय? आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु त्याचबरोबर हेही पाहिले पाहिजे की, जो सर्वांत गरीब आहे त्याच्यापाशी मोटारच नसते. तो पायी चालतो, सायकलीवर जातो किंवा बसची वाट पाहतो. रस्ता बांधण्यास आणि दुरुस्त करण्यास जो पैसा लागतो त्यात त्याच्याही कराचा वाटा असतो. रस्त्याची कड मोटारींना फुकट दिली, तर पायी चालणाऱ्याने मोटारवाल्याच्या जागेचे भाडे भरल्यासारखे होते. तरीही अपंग व्यक्तींसाठी राखीव जागा ठेवणे आणि ज्यांना बसची सोय नाही त्यांना ती करून देणे, ही नगरपालिकेची जबाबदारी राहतेच. बस वेळेवर धावत नसेल आणि चालण्यास पदपथ नसेल, तर केवळ भाडे वाढविणे म्हणजे माणसाला दार बंद करून बाहेर उभे करण्यासारखे होईल.

दुसरा आक्षेप पैशाचा. लोकांच्या खिशातून घेतलेला पैसा जातो कोठे? पॅसाडेना या शहराची हकीकत याबाबतीत बोधप्रद आहे. लॉस एंजेलिसजवळच्या या शहराची जुनी बाजारपेठ एके काळी उतरती कळा लागून ओसाड झाली होती. पदपथ फुटलेले, गल्ल्या घाणेरड्या, इमारती मोडकळीस आलेल्या. मीटर बसविण्याचा विचार निघताच दुकानदारांनी विरोध केला. आधीच गिऱ्हाईक येत नाही, त्यात भाडे लावले तर कोण येणार, असे त्यांना वाटले. तेव्हा शहराने असे वचन दिले की, या मीटरांचे उत्पन्न याच पेठेच्या सुधारणेसाठी खर्च होईल. १९९३ मध्ये मीटर बसले. त्या पैशातून पदपथ नवे झाले, झाडे लागली, दिवे आले, गल्ल्या स्वच्छ झाल्या. पायी फिरणाऱ्यांना तेथे येण्यात आनंद वाटू लागला आणि पेठ पुन्हा गजबजली. दिलेला पैसा डोळ्यांसमोर कामी लागतो आहे हे दिसले, म्हणजे तो देणे माणसाला जड जात नाही.

याच्या उलट, पैसा हाती येऊ लागला म्हणजे मूळ हेतू विसरण्याचा मोहही होतो. इंग्लंडमध्ये असाच एक प्रसंग घडला. लंडनच्या उत्तर भागातील बार्नेट येथील स्थानिक परिषदेने २०११ मध्ये रहिवाशांच्या वार्षिक पार्किंग परवान्याचे शुल्क ४० पौंडांवरून एकदम १०० पौंडांवर नेले. ही वाढ गर्दी आवरण्यासाठी नव्हती. रस्त्यांसंबंधीच्या इतर खर्चासाठी पैसा उभा करावा, हा तिचा हेतू होता. रहिवाशांनी न्यायालयात दाद मागितली. २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने ही वाढ बेकायदेशीर ठरविली. ज्या १९८४ च्या कायद्याने परिषदेला शुल्क घेण्याचा अधिकार दिला आहे, तो रहदारीचे नियमन करण्यासाठी आहे, उत्पन्न वाढविण्यासाठी नाही, असा या निर्णयाचा आशय होता. नियमन करताना काही पैसा शिल्लक राहिला, तर तो कायद्याने नेमून दिलेल्या कामी लावता येतो. परंतु शिल्लक राहावी एवढ्यासाठीच शुल्क वाढविता येत नाही. अधिकार ज्या कामासाठी दिलेला असतो त्याच कामासाठी तो वापरावयाचा असतो. हा धडा केवळ पार्किंगपुरता नाही.

आपल्या देशातही हा विचार नवा राहिलेला नाही. भारत सरकारने २००६ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात असे म्हटले आहे की, शहरातील जमीन मौल्यवान आहे आणि उभ्या गाडीचे शुल्क तिने व्यापलेल्या जमिनीच्या मोलाला अनुरूप असावे. पुण्यात अनेक रस्त्यांवर सम तारखेस एका बाजूला आणि विषम तारखेस दुसऱ्या बाजूला वाहने लावण्याचा नियम आहे. त्यामुळे रस्त्याची एक कड मोकळी राहते. परंतु दुसऱ्या कडेला लावलेली गाडी दिवसभर तेथेच राहिली, तर तिला कोणी उठवीत नाही. पुणे महानगरपालिकेच्या सभेने मार्च २०१८ मध्ये गर्दीच्या मानाने भाडे आकारण्याचे धोरण मंजूर केले, तेव्हा त्याला शहरात मोठा विरोध झाला आणि प्रथम निवडक पाच रस्त्यांवर ते अमलात आणून पाहावे असे ठरले. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे होते असे नाही. बस अपुऱ्या आहेत, पदपथ अरुंद आहेत, सामान्य माणसाची सारी भिस्त दुचाकीवर आहे, हे वास्तव आहे. दुचाकीला मोटारीच्या मानाने जागा पुष्कळ कमी लागते, म्हणून तिचे भाडेही त्याच प्रमाणात कमी असले पाहिजे. भाडे, बस आणि पदपथ या तिन्ही गोष्टी एकमेकींचा हात धरून चालल्या, तरच लोकांना त्या आपल्या वाटतील.

रस्ता कोणाचा, असे विचारले तर प्रत्येक जण 'सर्वांचा' असे उत्तर देतो. परंतु 'सर्वांचा' या शब्दाचे दोन अर्थ होऊ शकतात. जो आधी येईल त्याने हवे तितके घ्यावे आणि हवा तितका वेळ ठेवावे, हा एक अर्थ. प्रत्येकाने गरजेपुरते घ्यावे, त्याचे मोल द्यावे आणि पुढच्यासाठी जागा मोकळी करावी, हा दुसरा अर्थ. पहिल्या अर्थाने वागले की चाळीस जागांत एकशे तीस माणसांची सोय होते. दुसऱ्या अर्थाने वागले की त्याच जागांत चारशेंची होते. कोणता अर्थ स्वीकारावयाचा हे गावाने ठरवावयाचे असते. नगरपालिकेच्या सभागृहात या विषयावर जेव्हा चर्चा होते, तेव्हा तेथे केवळ मोटारवाल्यांचा आवाज ऐकू येऊन भागत नाही. शाळेत पायी जाणाऱ्या मुलांची वाटही त्याच रस्त्यावरून जाते, आणि तिचा विचार त्या सभेत झाला पाहिजे.

स्वाध्याय

१. जागेची टंचाई केवळ जागा कमी असल्यामुळे होत नाही, असे लेखात का म्हटले आहे? चाळीस जागांच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. पाटाचे पाणी आणि पाणपोईचा रांजण या दोन दृष्टांतांतून कोणत्या गोष्टी समजावून दिल्या आहेत?
३. एका रस्त्यावर वीस जागा आहेत. त्यांपैकी अठरा भरलेल्या असतील, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या नियमानुसार दराचे काय होईल? पाचच भरलेल्या असतील तर?
४. पॅसाडेना आणि बार्नेट येथील घटनांत कोणता फरक दिसतो? तुमच्या शब्दांत लिहा.
५. तुमच्या गावातील बाजाराच्या रस्त्यावर तासभर उभे राहून कोणती वाहने किती वेळ थांबतात याची नोंद करा. चालणाऱ्यांना वाट मिळते काय, हेही पाहा आणि दहा ओळींत वर्णन करा.